गाइड सांगत नाही ते : अ‍ॅमस्टरडॅमच्या सायकल-सहलीचे किस्से

अ‍ॅमस्टरडॅमची सायकल-सहल म्हणजे काय, हे युरोपला जाऊन आलेल्या कुठल्याही नातेवाइकाकडून तुम्ही ऐकलेलं असणार. सपाट शहर, लाल रंगाचे सायकलमार्ग, कालव्यांवरचे पूल, कठड्याला टेकवलेल्या सायकली आणि तीन तासांत सगळं बघून मोकळं. फोटोसुद्धा सगळ्यांचे सारखेच. मी राहते शेजारच्या अ‍ॅम्स्टलफेनला आणि सुट्टीच्या दिवशी अशा सहलींमध्ये रांगेच्या शेवटी सायकल चालवते. पुढे असतो तो गाइड, शेवटी असते ती ‘शेपूट’. भारतातून गट आला की मला हमखास बोलावणं येतं, कारण गाइड इंग्रजीत जे सांगतो ते मागच्या काका-मावशींपर्यंत मराठीत पोचवायचं कामही शेपटाचंच. पुढच्याला इमारती दिसतात, मागच्याला माणसं. त्यामुळे छापील माहितीपत्रकात नसलेली सहल माझ्या वाट्याला येते.

तिची सुरुवात दुकानातच होते. गाइड कुणालाच ‘सायकल येते का?’ असं विचारत नाही, कारण त्यावर सगळे ‘हो’ म्हणतात. तो विचारतो, ‘शेवटची कधी चालवली होती?’ आणि उत्तर येईपर्यंत माणसाचे पाय बघून सीटची उंची ठरवून टाकतो. एकदा सांगलीकडच्या एक काकू साधी पाचवारी नेसून आल्या. गाइडने माझ्याकडे बघितलं, मी सूनबाईंकडे. सूनबाई व्यायामशाळेत नियमाने सायकल मारणाऱ्या, अंगावर त्याला साजेसे कपडे. ‘आई, तुम्ही कॅफेत बसा, आम्ही येतो जाऊन,’ असं त्यांनी म्हणेपर्यंत काकू सायकलचं निरीक्षण करून मोकळ्या झाल्या होत्या. जुन्या पद्धतीच्या डच सायकलची साखळी पूर्ण झाकलेली असते, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पडदा असतो आणि मधला दांडा खाली वाकवलेला असतो. लांब झग्यातल्या बायकांसाठी केलेली ही सोय साडीलाही तितकीच चालते. काकूंनी पदर खोचला, मागच्या पडद्यावर दोनदा बोट आपटून बघितलं आणि निघाल्या. तरुणपणी शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवायला त्या रोज सायकलने जात. पहिल्याच पुलावर सूनबाई उतरून सायकल ढकलत होत्या आणि काकू पुलाच्या माथ्यावर एक पाय टेकून त्यांची वाट बघत होत्या.

ब्रेकचंही असंच. या सायकलींना पुष्कळदा हाताचा ब्रेक नसतो, पायडल मागे दाबलं की चाक थांबतं. आपल्याला उतारावर पायडल उलटं फिरवत बसायची सवय, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत निम्मा गट जागच्या जागी गचके खातो. हाताच्या ब्रेकच्या थोड्या सायकली दुकानात असतात. त्या भित्र्या माणसांना मिळत असतील असं मलाही सुरुवातीला वाटायचं. आमचा गाइड मात्र त्या बरोबर उलट वाटतो. ‘मला सगळं येतं’ म्हणणाऱ्याच्या हाती हाताच्या ब्रेकची सायकल, घाबरणाऱ्याला पायाच्या ब्रेकची. घाबरणारा माणूस सूचना नीट ऐकतो आणि शिकतो. सगळं येणाऱ्याला शिकवायला वेळ नसतो.

रस्त्यावर आलं की पाहुण्यांना मोटारींची धास्ती वाटते. गाइडला धास्ती असते ती स्थानिक सायकलवाल्यांची. ट्रामचे रूळ तिरके ओलांडले की चाक रुळात अडकतं, हे गाइड चार वेळा बजावतो. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, रस्त्यावर आपल्याकडे टोकं केलेले पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले की वाट द्यायची, हेही सांगून होतं. पण कालव्याकाठी वळण आलं की कुणीतरी फोटोसाठी सायकलमार्गाच्या मधोमध थांबतंच. एकदा पुण्याचे एक काका असेच थांबले. पुढे लाकडी पेटी जोडलेल्या सायकलवर दोन मुलं आणि आठवड्याचा किराणा घेऊन एक बाई मागून वेगात आल्या. काकांना चुकवत त्या डचमध्ये जे बोलल्या ते मी भाषांतरित केलं नाही, पण सूर काकांना कळला. अर्धा तास ते गप्प होते. मग व्होंडेलपार्कजवळ पायी चालणारे काही पर्यटक सायकलमार्गावर उतरले, तशी सगळ्यात पुढून घंटी खणखणली आणि अस्सल सदाशिवपेठी मराठीत आवाज आला, ‘अहो, हा काय रस्ता आहे का चालायचा?’ काका अ‍ॅमस्टरडॅमचे झाले होते.

सिग्नलचं त्रांगडं वेगळंच. निम्मे पलीकडे जातात आणि दिवा लाल होतो. अलीकडच्यांना सांभाळायचं काम शेपटाचं, पण शेपूट सगळ्यात मागे. एकदा मधल्या तिघांनी समोरून जाणाऱ्या एका जाकिटाचा रंग बघितला आणि त्याच्यामागे निघून गेले. ते जाकीट दुसऱ्या दुकानाच्या गाइडचं होतं. इथे २०२० पासून शहराच्या मध्यभागात एका गाइडसोबत पंधराहून जास्त माणसं चालत नाहीत, त्यामुळे गाइड लोक दर थांब्यावर माणसं मोजतात. त्या दुसऱ्या गाइडने पुढच्या पुलावर मोजली तर अठरा भरली. दंड भरायची पाळी येणार म्हणून तो घाबरला आणि फोन करून आम्हाला शोधत परत आला. या दोन दुकानांचं एरवी जमत नाही. चांगला पूल कुणी आधी गाठायचा यावरून सकाळीच चुरस असते. तरी हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान दोघांचं सामाईक असल्यासारखं वापरलं जातं. तिघे सुखरूप परत आले. कुणी रागावलेलं नव्हतं. फक्त त्यातल्या एकीने माझ्या कानात सांगितलं, ‘ताई, त्याच्या गोष्टी जास्त चांगल्या होत्या.’

आणि ‘तुमच्यासाठी खास, आज ठरलेली नसलेली जागा दाखवतो’ असं गाइड म्हणाला, तर त्याच्या मोबाइलकडे बघा. तिथे पावसाचा नकाशा उघडलेला असतो. इथला प्रत्येक गाइड ढगावर नजर ठेवून असतो आणि सरीच्या पाच मिनिटं आधी गट कुठल्या तरी छपराखाली नेतो. सफरचंदाच्या पायसाठी प्रसिद्ध असलेले बरेच थांबे असे ढगांनी ठरवलेले आहेत.

कालव्यांतून दरवर्षी १२ ते १५ हजार सायकली बाहेर निघतात. हा आकडा सगळेच गाइड सांगतात. सायकली काढायला सपाट बोट येते, तिच्यावर यंत्राचा लोखंडी पंजा असतो. तो पाण्यात उतरतो, तळ चाचपतो आणि चिखलाने माखलेल्या चार-पाच सायकली एकमेकींत गुंतलेल्या वर येतात. सहलीच्या वेळी हे दृश्य दिसणं नशिबाचं. एकदा ते दिसलं. गट खूष, कॅमेरे वर. पंजातून पाणी निथळत होतं, एक चाक अजून फिरत होतं. मागच्या पडद्यावर नंबराची पाटी, आमच्या दुकानाची. गाइडने एका क्षणात पाठ फिरवली आणि पलीकडच्या सतराव्या शतकातल्या घरांच्या त्रिकोणी माथ्यांवर इतकं सुंदर बोलला, की तसं तो पुन्हा कधी बोललेला मी ऐकलं नाही.

आता इतिहासाच्या थांब्यांकडे येऊ. तिथे गाइडला वेळ कमी असतो, त्यामुळे गोष्टी छाटल्या जातात आणि नेमका चांगला भाग गळतो. स्पाउ चौकात पांढऱ्या सायकलींची गोष्ट होते. १९६५ मध्ये प्रोव्हो नावाच्या बंडखोर तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर मोकळ्या सोडल्या. हवी त्याने न्यावी, काम झालं की सोडावी. कल्पना ल्यूड स्खिमेलपेनिंक यांची. गाइड लोकांचा शेवट ठरलेला : ‘आणि लोकांनी सगळ्या चोरल्या!’ गट हसतो, पुढे निघतो. प्रत्यक्षात सायकली होत्या मोजक्याच आणि त्या उचलल्या पोलिसांनी. कुलूप न लावता सायकल रस्त्यावर ठेवणं नियमात बसत नव्हतं. मग प्रोव्होंनी आकड्यांची कुलपं लावली आणि कुलपाचा आकडा सायकलवरच रंगवला. पुढे स्खिमेलपेनिंक नगरपरिषदेत पोचले आणि १९६७ मध्ये तिथे रीतसर प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. दोन वर्षांनी, मार्च १९६९ मध्ये, जॉन लेनन आणि योको ओनो याच शहरातल्या हिल्टन हॉटेलात आठवडाभर पलंगावर बसून जगाला शांततेचं आवाहन करत होते. तेव्हाचे फोटो नीट बघा. शहराने नाकारलेली पांढरी सायकल त्यांच्यासोबत आहे.

प्रिन्सनग्राख्तवरच्या २६३ क्रमांकाच्या घरासमोर मात्र कुणी हसत नाही. अ‍ॅन फ्रँकची डायरी मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे, त्यामुळे आपल्या लोकांना इथे फारसं सांगावं लागत नाही. गाइड पुस्तकांच्या कपाटामागच्या दाराबद्दल बोलतो, बाहेरची रांग दाखवतो. मी मागच्यांना सायकलीबद्दल सांगते, कारण तेव्हा आम्ही सायकलींवरच असतो. १९४२च्या जूनमध्ये ज्यूंनी सायकली जमा कराव्यात असा हुकूम निघाला. अ‍ॅनची स्वतःची सायकल त्याआधीच चोरीला गेली होती, असं तिने डायरीत लिहिलं आहे. मोठी बहीण मार्गो हिने मात्र आपली सायकल दिली नव्हती. ५ जुलैला मार्गोच्या नावाने जर्मनीला पाठवण्याचं बोलावणं आलं आणि ६ जुलैच्या पावसाळी सकाळी ती लपायला मदत करणाऱ्या मीप खीस यांच्यासोबत सायकलवरून शहर ओलांडून या घरी आली. आईवडील आणि अ‍ॅन अंगावर कपड्यांचे थरावर थर चढवून पायी आले. ज्यू माणसाला सायकल वापरायची परवानगीच नव्हती. म्हणजे लपायला सगळ्यात आधी पोचली ती जमा न केलेली सायकल. एका मावशींनी हे ऐकल्यावर आपल्या सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पुढच्या पुलापर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

मराठी गट असला की एक वाक्य हमखास येतं, बहुधा द पाइप वस्तीच्या आसपास : ‘आमचं पुणंही सायकलींचं शहर होतं हो!’ आमचा गाइड डच. तो अगदी खऱ्या उत्सुकतेने विचारतो, ‘मग काय झालं?’ गट एकमेकांकडे बघतो. स्कूटर आल्या, रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले, अशी तुटक उत्तरं येतात. २०१७च्या अखेरीस पुण्यात भाड्याच्या सायकली आल्या होत्या आणि पुढे त्यांचं काय झालं, हेही कुणीतरी सांगतं. मग कुणीतरी हमखास म्हणतं, ‘यांचं बरं आहे, शहरच सपाट, लोकांना सवयच आहे.’ माझं सगळ्यात आवडतं प्रकरण इथे सुरू होतं, कारण गाइड सायकल स्टँडवर लावतो आणि वेळापत्रक विसरतो.

१९५४ मध्ये या शहराच्या पोलिसप्रमुखांनी, हेंड्रिक कासयागर यांनी, कालवे बुजवून मोटारींसाठी जागा करावी अशी योजना मांडली होती. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकी नियोजकाने रुंद महामार्ग थेट शहरात आणायचा आराखडा दिला. त्यात आपण आत्ता जिथे उभे आहोत त्या द पाइपसारख्या कामगार वस्त्या पाडायच्या होत्या. त्या काळात सायकली कमी होत होत्या आणि माणसं मरत होती. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४००हून अधिक लहान मुलं होती. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सिमोन त्यांतली एक. त्यांनी १९७२ मध्ये लेख लिहिला आणि ‘बालहत्या थांबवा’ हे आंदोलन उभं राहिलं. नाव इतकं थेट होतं की अनेकांना ते बोचलं, आणि ते बोचावं असंच ठेवलं होतं. आंदोलक सायकलींवरून पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरापाशी गेले आणि दारात गाणी म्हणाले. पंतप्रधान बाहेर आले, त्यांनी ऐकून घेतलं. याच द पाइपमधल्या मुलांनी खेळायला जागा हवी म्हणून गल्ली अडवली, तेव्हा मोटारवाल्यांनी चिडून अडथळे उपटून फेकले होते. गाइड ती अरुंद गल्ली दाखवतो. आज तिथे कुंड्या आहेत, बाक आहेत.

‘सवय नव्हती, भांडण होतं,’ असं तो शेवटी सांगतो. पुण्याच्या एका काकांना ते मनापासून पटलं. ‘भांडण तर आम्हालाही येतं,’ ते म्हणाले, ‘पण आम्ही पार्किंगसाठी भांडलो.’

नीउमार्क्टच्या भुयारी स्थानकात मी स्वतःहून गटाला डोकवायला लावते, कारण गाइड बरेचदा वरूनच पुढे निघतो. मेट्रो आणि तिच्यावरचा महामार्ग करायचा म्हणून इथली घरं पाडली गेली. १९७५ मध्ये रहिवासी आणि पोलिसांत धुमश्चक्री झाली. मेट्रो झाली, महामार्ग रद्द झाला. त्याच मेट्रोच्या स्थानकात आज घरं पाडणारा लोखंडी गोळा भिंतीशी लटकवून ठेवला आहे. ज्यांनी घरं पाडली त्यांनीच तो तिथे लावू दिला.

रायक्सम्यूझियमच्या पोटातून जाणारा रस्ता हा सहलीतला सगळ्यांचा लाडका भाग. कायपर्स यांची १८८५ची इमारत, मधून कमानींचा बोगदा, आत कुणीतरी व्हायोलिन वाजवत असतं, दोन्ही बाजूंच्या काचांतून आतलं दालन दिसतं. गाइड म्हणतो, ‘जगात दुसऱ्या कुठल्या मोठ्या संग्रहालयातून सायकलने जाल?’ हे सुख जवळजवळ गेलं होतं, हे तो सांगत नाही. २००३ मध्ये दुरुस्तीसाठी संग्रहालय बंद झालं. सेव्हिलच्या क्रूझ आणि ऑर्टिझ या वास्तुविशारदांना भव्य प्रवेशद्वार याच बोगद्यात हवं होतं, सायकलींना उरणार होती चिंचोळी पट्टी. सायकलस्वारांच्या संघटनेने ठाण मांडलं, वाद वर्षानुवर्षं चालला, आराखडा बदलावा लागला. संचालक विम पायबेस यांचाही सायकलींना विरोध होता. एप्रिल २०१३ मध्ये राणी बेआत्रिक्स यांनी संग्रहालयाचं उद्घाटन केलं, त्यानंतर महिन्याभराने बोगदा सायकलींना खुला झाला. इतका जीव टाकून वाचवलेल्या या बोगद्यातून स्थानिक माणूस रोज ऑफिसला जातो आणि वळूनही बघत नाही. मला त्याचं ते न बघणं फार आवडतं. रस्ता त्याचा आहे, एवढंच त्यात असतं.

सहल संपते ती सेंट्रल स्टेशनजवळ. पाण्याखालचा सायकलतळ बघायचाच असा आपल्या मंडळींचा आग्रह असतो. २०२३च्या जानेवारीत तो उघडला. आधी बंदराचं पाणी उपसून काढलं, जवळजवळ चार वर्षं काम चाललं, आणि आत ७,००० सायकली मावतात. पहिले २४ तास फुकट. एका उत्साही भाऊंनी आपली सायकल आत लावून तिचा झकास फोटो काढला आणि आम्ही वर येऊन स्टेशन बघून परत गेलो, तर फोटोत सायकल होती, रांगेचा नंबर नव्हता. सगळा गट शोधायला लागला. ती सापडली सांगलीच्या त्याच काकूंना. त्यांनी लावताना शेजारच्या सायकलच्या टोपलीतली गुलाबी प्लास्टिकची फुलं ध्यानात ठेवली होती.

दुकानात परत आलं की सायकली मोजून घेतात. ही वेळ मला प्रिय आहे, कारण थकलेली माणसं खरं बोलतात. एकदा मिश्र गटात एक वयस्क जर्मन जोडपं होतं. अशा वेळी डच गाइड एक किस्सा मुद्दाम गाळतो. महायुद्धात जर्मन फौजेने डच लोकांच्या हजारो सायकली जप्त केल्या आणि ती गोष्ट इथे कुणी विसरलं नाही. १९६६ मध्ये बेआत्रिक्स यांनी जर्मन वराशी, क्लाऊस फोन आम्सबर्ग यांच्याशी लग्न केलं, तेव्हा मिरवणुकीच्या वाटेवर धुराचे बाँब फेकणारे होते हेच प्रोव्हो, आणि गर्दीतून घोषणा येत होती, आधी माझी सायकल परत दे. २१ जून १९८८ रोजी हॅम्बुर्गला युरो फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात डच संघाच्या व्हॅन बास्टेनने शेवटी-शेवटी गोल करून पश्चिम जर्मनीला हरवलं, तेव्हा डच प्रेक्षकांचा फलक होता आजीसाठी, तिची सायकल सापडल्याचं कळवणारा. गाइडने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. जर्मन आजोबांनी सायकल काउंटरपाशी आणली, स्टँडवर नीट लावली, किल्ली पुढे केली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘घ्या. या वेळी परत आणली आहे. नोंद करून घ्या.’ गाइड इतका हसला की त्याला काउंटरचा आधार घ्यावा लागला. मग त्याने खरंच वही उघडली, तारीख घातली आणि आजोबांची सही घेतली.